आठ सेकंदांची हाळी

येरवडा, ५ जानेवारी २०२५

निषाद,

तुझं पहिलं पत्र मी न वाचता फाडलं. दुसरं वाचून फाडलं. तेवढी तुझी प्रगती झाली असं समज.

'ताई, कशी आहेस' असं विचारायला तुला लाज कशी वाटली नाही, असं आधी लिहिणार होते. पण विचारलंसच तर सांगते. बरी आहे. उजव्या मनगटाची सूज उतरली. कुऱ्हाड हाडात रुतली की उपसताना मनगट मुरगळतं, हे मला माहीत नव्हतं. जन्मभर लाकडं फोडली, पण लाकूड असं धरून ठेवत नाही.

धनाजीला जाऊन आज बावीस दिवस झाले. पेपरात चार ओळी आल्या होत्या म्हणे, त्यातही त्याचं नाव चुकवलं होतं. तू त्याच्याकडून ढोल शिकलास. ताल चुकला की तो तुझ्या बोटांवर टिपरू मारायचा आणि तू हसायचास. तेव्हा माझा भाऊ कसा मेला हे तुला तरी नीट कळायला हवं.

शनिवार होता. लवळ्याच्या कॉलेज कॅन्टीनच्या कामाला मी सुट्टी टाकली होती. दुपारी आम्ही दोघं माले गावाच्या पुढं, रस्त्याच्या वरच्या अंगाला मेंढरं चारत होतो. पौडकडून एक टेम्पो आला. दोन्ही बाजूंना धरणाचं निळं पाणी आणि काचेच्या बंगल्यांची चित्रं, टपावर दोन कर्णे. त्या कर्ण्यांतून बाबांची मेंढरांना बोलवायची हाळी आली.

बाबांना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. मीच चटकन उठून उभी राहिले, मग त्या मुक्या जनावरांचं काय झालं असेल? साठ मेंढरांनी एकदम माना वर केल्या. त्यांचा धनी त्यांना बोलावत होता. पुढची म्हातारी मेंढी निघाली आणि तिच्यामागं सगळी उतारावरून सुटली. धनाजी त्यांना आडवा धावला. 'ताई, वरची आवर,' एवढंच ओरडला. तेवढ्यात वळणावरून खडीचा डंपर आला.

डंपर थांबला नाही. पोलीस म्हणतात, थांबू शकला नाही. तेवीस मेंढरं गेली. मागच्या चाकांच्या जोडीत लोकर आणि मांस अडकून चाक जाम झालं, तेव्हा तो उभा राहिला. धनाजी त्याच्या पुढच्या चाकाखाली होता, कमरेपासून खाली. तो लगेच मेला नाही. माझ्याकडं बघत होता आणि तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. आणि वर बाबा बोलावतच होते. ती जाहिरात संपली की पुन्हा सुरू व्हायची, पुन्हा आधी हाळी. उरलेली मेंढरं रक्तातून, आपल्याच कोकरांवर पाय देत, त्या टेम्पोकडं येत होती.

डंपरवाला उडी मारून पळाला. टेम्पो रस्त्याकडेला उभा राहिला होता, त्याचा ड्रायव्हर जागेवरच होता. भिवाजी त्याचं नाव, कासारसाईचा. त्याला मी म्हणाले, बंद कर. त्यानं आवाज वाढवला. मग मी धनाजीची कुऱ्हाड उचलली. पुढचं पोलिसांनी लिहिलंय. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

हे सगळं तुझ्यामुळं झालं. सहा वर्षं कॅन्टीनच्या टेबलावर बसून तू पोरांना सांगायचास, आमचा बँड जाहिरातीला गाणं देणार नाही, गाणं विकलं की ते मरतं. तुझं गाणं धडधाकट आहे, निषाद. फोन उघडला की वाजतंय. मेला माझा भाऊ. तू स्टुडिओत बाबांची ओवी घेतलीस तेव्हा त्यांनी तुला हात धरून सांगितलं होतं, 'गाणं न्या, हाळी ठिवा.' तू हो म्हणाला होतास. माझ्यासमोर म्हणाला होतास.

पुन्हा पत्र लिहू नकोस.

समीक्षा


येरवडा, २६ जानेवारी

निषाद,

लिहू नकोस म्हटलं तरी लिहिलंस. आज इथं झेंडावंदन झालं, बुंदी मिळाली. ती खात खात तुझं पत्र वाचलं, म्हणून फाडलं गेलं नाही.

तू पाठवलेल्या वकीलबाई, रजनीताई, परवा भेटून गेल्या. बाई हुशार आहेत. त्यांनी मला दोनच गोष्टी पाठ करायला सांगितल्या. एक, बाबांचा आवाज जाहिरातीला द्यायची परवानगी घरातल्या कुणीच दिली नव्हती. कागदावर जी सही आहे ती तू फसवून घेतलीस, शाळेतल्या पोरांना ऐकवायचं आहे असं सांगून. दोन, भिवाजीनं आमची मेंढरं मरताना बघून मुद्दाम आवाज वाढवला. एवढं कोर्टाला पटलं तर माझी शिक्षा बरीच कमी होईल म्हणतात. नाहीतर सात-आठ वर्षं, कदाचित जास्त. आई एकटी आहे. तिच्या गुडघ्यांत पाणी झालंय आणि मागं सदतीस मेंढरं आहेत.

त्यांनी सांगितलं की तू स्वतः तसा जबाब द्यायला तयार आहेस. फसवणुकीची केस तुझ्यावर होईल, हे माहीत असून. मी विचार केला आणि हो म्हणाले. होऊ दे तुझ्यावर केस. तुझे आईवडील आहेत, भाऊ आहे, कोथरूडला घर आहे. आमचं काय उरलंय?

तू पत्रात लिहिलंयस की बाबा खरे कलावंत होते आणि तू त्यांना बाजारात उभं केलंस. हे वाचून मात्र मला राग आला. माझ्या बापाला देवळात बसवू नकोस. निवडणुकीत ज्यानं फेटा बांधला त्याची ओवी ते गायचे. पौडला मोबाइलचं दुकान उघडलं तेव्हा बिरोबाच्या ओवीत दुकानदाराचं नाव घालून गायले आणि आम्ही चौघं तिथं पोटभर जेवलो. गाण्याला त्यांनी सोवळं नेसवलं नव्हतं. मी एकदा त्यांना विचारलंही होतं, की सगळं चालतं तर हाळीचंच एवढं काय? तेव्हा काठीनं माती उकरत म्हणाले होते, 'गाणं मानसाचं हाय. न्हाई आवाडलं तर मानूस उठून जातंय. हाळी मेंढराची हाय. त्येला उठून जाता येत न्हाई, त्येला यावंच लागतंय.'

म्हणून आमच्यात रिकामी हाळी देत नाहीत. पाहुण्याला दाखवायला नाही, पोरांना खेळवायला नाही. हाळी दिली की मेंढरू येणार, आणि आलं की त्याला काहीतरी मिळालं पाहिजे. पाणी, पाला, निदान मीठ. तुझ्या स्टुडिओत त्यांनी ओवीआधी गळा मोकळा करायला सवयीनं हाळी दिली आणि काचेपलीकडच्या तुझ्या माणसानं ती टिपून घेतली, त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन बाबांनी काय केलं ते तुला ठाऊक नाही. मेंढरांना मूठमूठ मीठ घातलं. आई ओरडली, आज कशाचं मीठ? तर म्हणे, 'पुन्यात हाळी गेली तोंडातनं.' धनाजी आठवडाभर त्यांची नक्कल करत होता.

तू ती हाळी काढून टाकून गाणं बाहेर आणलंस, हे मला मान्य आहे. बाबा असेपर्यंत तू शब्द पाळलास. नंतर काय झालं ते आपल्याला दोघांना माहीत आहे. इथं पत्रं वाचूनच पुढं पाठवतात, म्हणून एवढंच लिहिते.

जबाब नीट दे. रडू नकोस, रडलास की तू खोटा वाटतोस.

समीक्षा


माले, १९ फेब्रुवारी

निषाद,

जामीन झाला. सहा दिवस झाले घरी येऊन. इथली पत्रं कुणी उघडत नाही, म्हणून आता लिहिते.

आईनं धनाजीची चप्पल दाराशी तशीच ठेवली आहे. एका चपलेचा अंगठा तुटलेला आहे, कारण ती डंपरखालून काढली. मी म्हटलं टाकून देऊ, तर माझ्या अंगावर धावून आली. दिवसभर ती बोलत नाही आणि एकदा सुरू झाली की त्या डंपरवाल्याला, भिवाजीला, तुला, तुझ्या सात पिढ्यांना अशा शिव्या घालते की मलाही नव्या ऐकायला मिळतात.

परवा बंगल्यांच्या कंपनीचा एक माणूस हात जोडत आला होता. आमची चूक नाही, हा बघा कागद, असं म्हणून त्यानं कागदाची प्रत आईच्या हातात दिली. आईला वाचता येत नाही. तो गेल्यावर तिनं कागद माझ्यापुढं धरला आणि खालच्या सहीवर बोट ठेवून विचारलं, 'ह्ये कुनाचं नाव हाय?'

मी म्हणाले, निषादचं.

आईनं ते नाव तीनदा म्हटलं. मग चुलीतलं जळतं लाकूड घेऊन म्हणाली, तो ह्या दारात आला तर त्याचं तोंड ह्यानं सारवीन. ती करेल. तू येऊ नकोस.

ते नाव माझं होतं. समीक्षा नाथा, आणि पुढं आडनाव, शाळेत शिकवलं तसं सुवाच्य अक्षरात. तुला हे माहीतच आहे, तू समोर होतास. पण मी हे आजवर कुठंही लिहिलं नव्हतं आणि येरवड्यात रात्रंदिवस तुला दोष देऊन देऊन मला स्वतःलाही ते खोटं वाटायला लागलं होतं. म्हणून लिहून बघते.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. तू कॅन्टीनला आलास, माझ्या पोळपाटासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, ताई, एका जाहिरातवाल्यांनी ती हाळी ऐकलीय, स्टुडिओतल्या माणसानं ऐकवली, त्यांना फक्त तेवढीच हवी, आठ सेकंद. मी नाही म्हणणार आहे, पण तुला न सांगता नाही म्हणणं बरोबर वाटेना. असं तू म्हणालास. नाही म्हणणार आहे, हेच म्हणालास.

आणि मी तुला फाडून खाल्लं. कॅन्टीनमधली पोरं जेवायची थांबली होती, आठवतं? मी म्हटलं, तुझी शुद्ध कला तुझ्या बापाच्या फ्लॅटवर उभी आहे. ज्याला विकायची गरजच नाही त्यानं न विकण्याचा तोरा मिरवू नये. माझा बाप सत्तर वर्षं ओरडला आणि ऐकलं कुणी, तर मेंढरांनी. आता सगळा महाराष्ट्र ऐकेल तर तुझ्या पोटात का दुखतंय? तू म्हणालास, पण बाबांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, बाबा मेले. त्यांच्या जागी आता मी आहे, आण तो कागद.

पैशासाठी केलं नाही, हे तुला माहीत आहे. मला त्यांचा आवाज ऐकायचा होता. बाजारात, हॉटेलात, बसमध्ये, कुठंही अचानक कानावर यावा आणि लोकांनी मान वळवावी. शेजारी उभं राहून मी म्हणावं, हे माझे बाबा. दोनदा तसं झालंही. पिरंगुटला एका दुकानात टीव्हीवर लागली तेव्हा मी दुकानदाराला सांगितलं आणि त्यानं मला खुर्ची दिली. मी त्या खुर्चीवर बसून पुन्हा जाहिरात लागायची वाट बघत होते. फार सुख वाटलं होतं, निषाद.

टेम्पो गावागावातून फिरवणार आहेत, हे तुलाही माहीत नव्हतं. पण मेंढरांना टीव्हीतला आणि खरा आवाज वेगळा कळत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. तुला नाही. मला.

ह्या पत्राचं काय करायचं ते तुझं तू ठरव. माझी तारीख दहा मार्चला आहे. मला आईजवळ राहायचंय. रजनीताईंनी पाठ करून घेतलेलं मी अजून म्हणू शकते.

समीक्षा


माले, ७ मार्च

निषाद,

तुझं उत्तर आलं. 'ताई, तुझं पत्र जाळलं, मी माझ्या जबाबावर ठाम आहे,' असं तू लिहिलंस. भला माणूस आहेस. भल्या माणसांचा मला कधीकधी फार राग येतो.

काल काय झालं ते ऐक.

सदतीस मेंढरं आईचं ऐकत नाहीत, माझंही नाही. मी धनाजीसारखी हाळी देऊन बघितली, आईनं दिली, ती नुसती उभी राहतात. दिवस कलला तरी माळावरून उतरत नव्हती. लांडग्याची भीती आहेच. आई दमून खाली बसली आणि म्हणाली, 'तुज्या फोनात त्यांचा आवाज हाय न्हवं? लाव.' मी नको म्हटलं. तिनं पुन्हा सांगितलं. मग मी फोन वर धरला आणि लावला.

बाबांनी हाक मारली, आणि मेंढरं उलटी पळाली.

अशी पळाली की लांडगा बरा. पहिलं अक्षर कानावर पडताच उधळली, एकमेकांवर चढली आणि तशीच जाऊन त्या बंगल्यांच्या जागेच्या काटेरी तारेवर आदळली. मागची पुढच्यांना रेटत होती. मी फोन बंद केला तरी थांबेनात. म्हाताऱ्या मेंढीचं, जी त्या दिवशी पुढं होती आणि वाचली होती तिचं, तारेनं पोट फाटलं. आतडी तारेला लागून बाहेर आली होती आणि ती पाय झाडत होती. तिला सोडवता येईना. माझ्याकडं विळा होता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गळा कापला. लवकर कापला गेला नाही, विळा बोथट होता.

रक्ताच्या हातांनी मी आईसमोर येऊन उभी राहिले आणि सांगितलं, की सही माझी आहे. निषादनं नको म्हटलं होतं. बाबांनीही नको म्हटलं होतं.

आईनं काठी उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला, मग पाठीवर, मग मी खाली बसले तेव्हा डोक्यावर. मी हात वर केला नाही. काठी मोडली, तर ती उरलेल्या तुकड्यानं मारत राहिली. 'माजं पोर,' एवढंच म्हणत होती. माझ्या डोक्याला पाच टाके पडले आहेत. शेजाऱ्यांनी मला दुचाकीवर पौडला नेलं आणि डॉक्टरला सांगितलं, पाय घसरून पडली. परत आले तेव्हा आईनं भाकरी करून ठेवली होती. आम्ही दोघी जेवलो. ती म्हणाली, 'कोर्टात खरं सांग. आजून एकाचा हात तोडू नगं.'

आधीचा हात भिवाजीचा आणि आता तुझा, असं तिला म्हणायचं होतं. भिवाजीचंही तुला खरं सांगायचं राहिलंय. मी त्याला बंद कर म्हटलं तेव्हा तो भीतीनं पांढराफटक पडला होता. त्यानं बटण फिरवलं ते उलट्या बाजूला फिरलं आणि आवाज वाढला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो ते सुलट फिरवायला लागला. आवाज कमी होत होता. मला ऐकू येत होतं की कमी होतोय, बोटं बटणावर दिसत होती, तरी मी मारलं. डंपरवाला पळाला होता, तू पुण्यात होतास आणि कागदावर सही करणारीला मी मारू शकत नव्हते. त्याचा हात समोर होता. हात तुटून पडला तेव्हा बाबांचा आवाज बारीक होऊन चालूच होता.

सोमवारी मी हे सगळं असंच सांगणार आहे. रजनीताईंना फोन करून कळवलं. त्या खूप चिडल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या की सात वर्षांची तयारी ठेवा. आईला माहेरी तिच्या भावाकडं ठेवायचं ठरलंय. मेंढरं तोच नेणार आहे. तू तुझा जबाब बदल. बदलला नाहीस तर मी भर कोर्टात तुला खोटं पाडीन, आणि तुला ठाऊक आहे, मला चारचौघांत भांडायची लाज वाटत नाही.

शेवटचं, तू विचारलं होतंस ते. कंपनी घरच्यांचा मान राखून जाहिरातीतून हाळी काढून टाकायला तयार आहे, तर काय कळवू? मी दोन दिवस ह्यावर विचार केला. आधी वाटलं, काढा म्हणावं, आणि जिथं जिथं असेल तिथून पुसून टाका. पण आता पुसून काय होणार? ज्यांच्यासाठी ती होती ती मेंढरं तिला भिऊन पळतात. आईनं काल माझा फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला, तिलाही तो आवाज नको आहे. मलाही ऐकवत नाही.

म्हणून त्यांना सांग, राहू द्या. तो आवाज आता जाहिरातीच्याच कामाचा उरलाय.

समीक्षा